बेरिंगवरच्या तीन रेघा

लातूर,
१८ सप्टेंबर २०२३

अक्का,

तुला आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना सिद्धलिंगचे शरणु शरणार्थी. सगळ्यांत दाजीही आले, पण ते रीत म्हणून. मनापासून विचारशील तर आज त्यांच्यापुढे जोडायला माझे हात तयार नाहीत.

फोन न करता चिठ्ठी का, ते तुला ठाऊक आहे. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारच्या खुर्चीत दाजी. मला जे बोलायचंय ते मध्येच कोणी तोडू नये, म्हणून देगलूर गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.

काल सकाळी मी गॅरेजचं शटर वर करतोय तोवर दाजींनी आपल्या पाहुण्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. तुझ्या दामिनीच्या जीपमधून काढलेली जळकी बेरिंगं, डब्याच्या झाकणात मांडलेली. खाली लिहिलंय, 'आमच्या मेहुण्याच्या हातची कमाल. इंजिन बांधून महिना झाला, राख हातात.' वर दोन हसरी तोंडं. अक्का, त्या ग्रुपवर बिदरपासून सोलापूरपर्यंतची एकशे बारा माणसं आहेत. त्यातल्या निलंग्याच्या पाहुण्याचा टेम्पो माझ्याकडे अर्धा खोललेला होता. दुपारी तो पार्टांची पोती भरून घेऊन गेला. म्हणाला, "न्हाई म्हंजे, तसं काय न्हाई, पर घाई हाय." मी ग्रुप सोडला. परत यायला कोणी सांगू नये.

सत्तावीस वर्षं मी इंजिनं बांधतोय. माझ्या हातून बसलेल्या प्रत्येक बेरिंगच्या काठावर, जिथं ते कशाला घासत नाही तिथं, मी सुईनं तीन बारीक रेघा ओढतो. कपाळावर विभूती ओढतो तशा. आपल्या अप्पांनी दुकान टाकून देताना सांगितलं होतं, ज्या कामावर आपली खूण घालायला मन धजत नाही ते काम घेऊ नकोस. मी ते पाळलंय. उदगीरपासून औशापर्यंत कोणतंही इंजिन खोला आणि माझ्या रेघा बघा.

आता एवढंच विचार तुझ्या नवऱ्याला, की पिस्टनच्या रॉडची बेरिंगं कोणी आणली होती? धोंड्याच्या जेवणाला आले तेव्हा नांदेडहून डबा घेऊन कोण आलं होतं? तो डबा माझ्या हातात कोणी ठेवला? एवढं विचार आणि उत्तर मला कळव. मग बघू कोणाच्या हातची कमाल आहे ती.

तुझा,
सिद्धू

*

देगलूर,
२४ सप्टेंबर २०२३

सिद्धू,

चिठ्ठी मिळाली. वाचून डोकं तापलं म्हणून चार दिवस लिहायला बसले नाही, नाहीतर मी काय लिहिलं असतं देव जाणे.

तुझा टेम्पो गेला त्याचं तुला दुःख. इथं काय झालं ते एका शब्दानं विचारलंस का? पोळ्याच्या दोन दिवस आधी केवळाबाईची देवणी गाय अडली. सकाळी दहाला फोन आला, दहा मिनिटांत दामिनी निघाली. वस्तीच्या अलीकडे सात किलोमीटरवर जीपमधून ठोके ऐकू यायला लागले आणि गाडी जागेवर जाम झाली. भर उन्हात पोरगी औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालली. शेवटी कोणा मोटारसायकलवाल्यानं तिला वस्तीपर्यंत सोडलं. पोचली तेव्हा वासरू आतच मेलं होतं. तासाभरानं गायही गेली. केवळाबाई ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "डाक्टरीण चांगली हाय, पर तिची गाडी भरवशाची न्हाई." ते वाक्य चार गावांत फिरलं. तेव्हापासून दामिनीचा फोन वाजत नाही. उदगीरला पाच वर्षं जनावरांची डॉक्टरी शिकून आलेली पोर दिवसभर ओसरीत बसून असते, आणि तू मला रेघांच्या गोष्टी सांगतोस.

आणि बेरिंगं त्यांनीच आणली, हो. का आणली? तूच फोनवर म्हणालास की रॉडचा सेट यायला दोन-तीन दिवस लागतील. लेकीचं काम अडायला नको म्हणून ते मुद्दाम नांदेडला उतरले. उमाशंकरच्या दुकानात. तो त्यांच्या मोंढ्यातल्या ओळखीचा, त्यानं गळ्याला हात लावून सांगितलं की माल कंपनीचाच आहे. डबा सीलबंद होता. आता ह्यांनी आयुष्यभर सोयाबीन आणि तूर तोलली, त्यांना बेरिंगातलं काय कळणार? तुला कळतं ना? मग तू काय केलंस?

दसऱ्याला जीप विकायची ठरलीय. किल्लारीचा एक जण सांगाडा न्यायला तयार आहे. हे म्हणतात, "गाडी गेली की पोरगी घरात बसंल, स्थळं यायलीत, बघून टाकू." दामिनी उठून ओसरीत जाते. तिचं ते उठून जाणं मला बघवत नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव पुन्हा अशा भाषेत लिहू नकोस.

अक्का

*

लातूर,
२८ सप्टेंबर २०२३

अक्का,

गायीचं ऐकून वाईट वाटलं. दामिनीला माझं सांग. पण तू मला जे विचारलंस त्याचा मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

मी काय केलं म्हणतेस? सीलबंद डबा, कंपनीचं छापील खोकं, वर चकचकीत लेबल, आणि दाजींचा शब्द. मापत बसायला वेळ कुठं होता? त्याच आठवड्यात गाडी द्यायची होती. मीही फसलो, दाजीही फसले. फरक एवढाच की फोटो माझ्या नावानं फिरला.

हल्ली बाजार कसा झालाय ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही. खोकं अस्सल, आतला माल कुठल्या तरी शेडमध्ये ओतलेला. गिऱ्हाईक येतं, खोकं बघतं, 'हेच बसवा' म्हणतं. बेरिंग म्हणजे काय, तर अर्ध्या बांगडीसारख्या दोन पट्ट्या, रॉडच्या आणि क्रँकच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, मधे बसणाऱ्या. त्यांच्यात आणि क्रँकमध्ये तेलाचा एक पातळ थर राहतो. सगळं इंजिन त्या थरावर फिरतं. पट्टी जाड झाली की तेल शिरत नाही. पातळ झाली की तेल थांबत नाही. दोन्हीकडून मरण.

चांगली पट्टी ओळखायला डोळे मिटले तरी चालतं. तिचा वाक जागेपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून ती अंगठ्यानं दाबावी लागते आणि टक् करून बसते. उलटी धरली तरी पडत नाही. खोटी पट्टी नुसती जागेत पडते, हलवली की वाजते. पाठीवरचा साइजचा आकडा चांगल्यावर खोल आणि सरळ असतो, खोट्यावर शाईनं छापल्यासारखा. आणि मापलं तर आठही पट्ट्यांची जाडी सारखी यायला पाहिजे. जळालेली सोड, पण बाकीच्या शिल्लक असतील. दामिनीला म्हणावं, एकेक हातात घेऊन बघ, म्हणजे तुझ्या वडिलांनी काय विकत घेतलं ते कळेल.

दसऱ्याला जीप विकू नका. एवढंच सांगतो.

सिद्धू

*

देगलूर,
४ ऑक्टोबर २०२३

मामा,

तुम्ही अव्वाला लिहिलेली चिठ्ठी तिनं मला वाचायला दिली. तुम्ही सांगितलंत म्हणून मी ते बेरिंगांचं झाकण खाली काढलं आणि एकेक पट्टी हातात घेऊन बघितली. मला जनावरांची हाडं बघायची सवय आहे, लोखंडाची नाही, पण रेघा मोजता येतात.

क्रँक ज्यावर बसते त्या मेन बेरिंगांच्या दहा पट्ट्या निघाल्या. दहाच्या दहा पट्ट्यांच्या काठावर तीन रेघा आहेत. अगदी सारख्या अंतरावर, हात न हलता ओढलेल्या. रॉडच्या आठ पट्ट्यांपैकी दोन वितळल्यात. उरलेल्या सहा मी कापसानं, मग रॉकेलनं पुसल्या, भिंगाखाली धरल्या.

एकीवरही रेघ नाही, मामा.

घाईत होता तर दहांवर ओढायला वेळ मिळाला आणि आठांवर नाही? तुम्ही मापलं नाही हे खोटं आहे. तुम्ही मापलं होतं. तुम्हाला कळलं होतं की माल खोटा आहे, म्हणून तुम्ही त्यावर तुमची खूण घातली नाही. आणि तरी बसवला. आणि मला किल्ली देताना हसून म्हणालात, "जा लेकी, आता मागं वळून बघायचं काम न्हाई."

अजून एक. ऑगस्टच्या शेवटी मी तुम्हाला फोन केला होता. गाडी गरम झाली की तेलाचा लाल दिवा लुकलुकतो म्हणून. तुम्ही म्हणालात नवं इंजिन आहे, बसेल, थोडं जाड तेल टाक. त्या वेळी तरी सांगायचं होतं. मी गाडी तिथंच उभी केली असती आणि केवळाबाईच्या गायीला कोणाच्या तरी स्कूटरवर बसून वेळेत गेले असते. त्या गायीच्या पोटात माझा हात खांद्यापर्यंत होता, मामा. वासराचा पाय गार लागला. अर्धा तास आधी तो गरम असता.

अप्पांवर माझा राग आहेच. त्यांनी फोटो टाकला तेव्हा त्यांच्या तोंडावर मी त्यांना वाईट बोलले. पण त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. नात्यातला मान सांभाळायला तुम्ही मला रस्त्यावर सोडलंत.

मला माफी नको. उत्तर पाहिजे.

दामिनी

*

लातूर,
८ ऑक्टोबर २०२३

चि. दामिनी,

तुझी चिठ्ठी आल्यापासून तुझी मामी दोनदा विचारून गेली की तोंड का पडलंय. तिलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "पोरगी खरं बोलायली. आता तुमी बी बोला."

तर ऐक. अधिक महिन्यातला तो रविवार होता. दाजी पाटावर बसलेले. मी स्वतः त्यांचे पाय धुतले, शिवम्मा मामीनं ताट वाढलं, धोंडे, अनारसे, वर तुपाची वाटी. जावयाला त्या महिन्यात नाही म्हणायचं नसतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, मी ते बघतच मोठा झालो. आमच्या अप्पांनी एकदा धोंड्याच्या ताटावर बसलेल्या जावयानं मागितली म्हणून दुभती म्हैस सोडून दिली होती. दाजींनी हात पुसला, पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवला. "सिद्धू, नांदेडवरून आणलाय. हाच बसव. माजा शब्द हाय." घरात वीस माणसं होती. ते इतके खूश होते, पोरी. लेकीसाठी काही केल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. मी डबा कपाळाला लावला.

आणि तुला हे कधी सांगायचं नव्हतं, पण तुझ्यासाठी मागवलेला चांगला सेट त्याच सकाळी हैदराबादहून आला होता. माझ्या कपाटात होता. खोक्यावर मी पेन्सिलीनं 'दामिनी' लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाजींचा डबा फोडला. पट्टी जागेत ठेवली, ती टक् बोलली नाही. नुसती पडली. जाडी मापायचा मायक्रोमीटर लावला. आठांतल्या तीन दोन-दोन रेषांनी पातळ निघाल्या. तुला कळेल अशा भाषेत सांगायचं तर एका केसाच्या पावभागाएवढा फरक. इंजिनाला तो पुरेसा असतो. मी फोन उचलला दाजींना सांगायला, आणि परत ठेवला. काल पाय धुतले आणि आज म्हणायचं, तुम्ही खोटं आणलंत? मनाला समजावलं, कदाचित चालेल. खूण घालायला सुई हातात घेतली, हात पुढे गेला नाही. तेव्हा वाटलं, खूण नाही म्हणजे पाप माझं नाही. एवढा मूर्ख विचार मी सत्तावीस वर्षांत केला नव्हता. तुझा दिव्याचा फोन आला तेव्हा मला सगळं कळलं होतं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. त्याला माझ्याकडे कारणसुद्धा नाही.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. त्या गायीचा जीव माझ्या हातावर आहे.

आता कामाचं. तो कपाटातला डबा आता तुला चालणार नाही. क्रँकवर चरे पडलेच असणार, ती पुन्हा घासावी लागेल, म्हणजे पुढच्या साइजची बेरिंगं लागतील. ती मी मागवलीत, दोनदा मापली, आणि हे दुसरं माप मी एकट्यानं घेतलं नाही, शेजारच्या लेथवाल्याकडून घेतलं. जीप टेम्पोमागे बांधून पाठवा. मजुरी नाही, काही नाही. दसऱ्याच्या आधी गाडी उभी करतो. ही चिठ्ठी तुझ्या अप्पांना वाचून दाखव. अक्कालाही. लपवू नकोस.

तुझा मामा,
सिद्धलिंग

*

देगलूर,
१४ ऑक्टोबर २०२३

सिद्धू,

माझा नवरा परवा तुझ्या दारातून उपाशी परत आला. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या माहेरच्या उंबऱ्यावरून हा माणूस कधी पाणीसुद्धा न घेता उठला नव्हता. हे ऐकायला आपले अप्पा नाहीत ते बरं झालं.

दामिनीनं तुझी चिठ्ठी जेवताना वाचून दाखवली. ह्यांनी ताट सरकवलं. सकाळी पहिल्या गाडीनं नांदेडला गेले, उमाशंकरला जाब विचारायला. त्यानं म्हणे हात जोडले, चुकून दुसरा माल गेला म्हणाला, नव्या साइजचा दुसरा डबा दिला आणि चहा पाजला. हे समाधान मानून आले. परवा जीप टेम्पोला बांधून, तो डबा मांडीवर घेऊन तुझ्याकडे गेले. मी सांगितलं होतं, सिद्धूनं मागवलेली बेरिंगं आहेत, तुम्ही डबा कशाला नेता? तर म्हणाले, "माजा बी शब्द हाय. तो खरा करून येतो."

आणि तू काय केलंस? टेम्पोवाला सांगत होता, दुकानात सात-आठ माणसं होती, त्यांच्यासमोर तू डबा परत दिलास. म्हणालास, "दाजी, ह्ये मी बसवणार न्हाई." त्यांच्या हातात कसलं तरी हत्यार दिलंस आणि म्हणालास, तुमीच मापा. मग शिवम्मानं ताट वाढलं होतं ते तसंच राहिलं आणि हे जीप तिथंच टाकून उठून चालू लागले. अरे, आधी गप्प राहिलास तेव्हा चुकलास, मान्य. पण बोलायचंच होतं तर घरात बोलायचं होतं, चार माणसांत कशाला? तुला मधलं काही येतच नाही का?

एक गंमत सांगते, राग आलाय तरी सांगते. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात तुझं ते लोखंडी हत्यार निघालं, घोड्याच्या नालासारखं, दांडा फिरवायचं. रागाच्या भरात घेऊनच आले वाटतं. मी परत पाठवते म्हटलं तर हिसकावून घेतलं. काल दुपारी दामिनीला जवळ बसवून ते वाचायला शिकत होते. माझी बांगडी मापली. तुरीचा दाणा मापला. मग खोलीत जाऊन जुन्या जळक्या पट्ट्या आणि नवा डबा काढून बसले आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी पुन्हा नांदेडला गेलेत. हत्यार बरोबर आहे. मला काही सांगितलं नाही. किल्लारीवाल्याचा फोन आला होता, दसऱ्याला येतो म्हणाला. मी काय सांगू त्याला?

अक्का

*

देगलूर,
१९ ऑक्टोबर २०२३

सिद्धलिंग,

मी गुरुबसप्पा लिहितो आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, आडतीच्या चिठ्ठ्या लिहायची आहे. तेव्हा थोडक्यात.

मी मोंढ्यात चाळीस वर्षं काटा धरला. माझ्या काट्याखाली कोणी बोट ठेवून बघितलं आणि काटा हलला, असं एकदाही झालं नाही. त्या दिवशी तू तुझं यंत्र माझ्या हातात दिलंस आणि माझ्याच डब्यातली पट्टी त्यात धरायला लावलीस. आकडा तू वाचलास, दोन रेषा कमी. दुसरी पट्टी, एक रेष जास्त. मी डबा उचलून उठलो, कारण मला कळलं होतं. जेवलो नाही, कारण घास गेला नसता. यंत्र खिशात घातलं ते रागात नाही, मुद्दाम.

शनिवारी नांदेडला गेलो. उमाशंकरच्या गल्ल्यावर उभा राहून त्याचे सहा डबे फोडायला लावले आणि गिऱ्हाइकांसमोर मापले. चार खोटे निघाले. तो म्हणाला, "आडतदार, एवढंसं काय बघता, इंजिन चालतंय की." मी म्हणालो, "किलोमागं एवढंसं मी कमी दिलो असतो तर तू मोंढ्यात माझं तोंड बघितला असतास का?" त्याचं दुकान कोणी सोडावं कोणी नाही ते ज्यानं त्यानं बघावं, माझी ओळख त्या दुकानाशी संपली.

आता तुझ्याकडे येतो. तुझी अक्का म्हणते तू दुकानात बोललास ते चुकलं. ते चुकलं नाही. ऑगस्टमध्ये गप्प बसलास ते चुकलं, आणि त्याचा राग मला फोटो टाकताना नव्हता तेवढा आज आहे. तू माझे पाय धुतलेस, ताट वाढलंस, डबा कपाळाला लावलास, आणि मनात म्हणालास की ह्याला काय कळतं. त्याला तू मान म्हणतोस? जावई आहे म्हणून मला खरं सांगायचं नाही, ही कुठली रीत? मोंढ्यातला हमालसुद्धा मला तोंडावर सांगतो, मालक, पोतं ओलं आहे. तू मला त्या हमालाएवढंही जवळचं मानलं नाहीस. एक पट्टी माझ्या हातात देऊन 'दाजी, ही पडते बघा' एवढं म्हणाला असतास तर मी तोच डबा घेऊन त्याच पावली नांदेडला गेलो असतो, आणि केवळाबाईची गाय आज दावणीला असती. मी तिच्याकडे जाऊन आलो. माझ्याकडची देवणी कालवड तिला देतोय. तिची गाय परत येणार नाही, पण दावण रिकामी राहणार नाही.

त्या फोटोबद्दल. तो काढून टाकलाय. त्या जागी काय लिहायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, पण जे लिहीन त्यात माझं नाव आधी असेल, तुझं मागाहून.

किल्लारीवाल्याला नाही सांगितलं. पोरीनं घरात बसायचं की नाही ते पोरगी ठरवेल. काल तिला मरखेलकडून फोन आला, शेळीच्या पायाचा. मी तिला माझ्या मोटारसायकलवर बसवून नेलं. रस्त्यात एवढंच म्हणाली, "अप्पा, हळू." 

आता काम. मी रविवारी येतोय, दामिनी बरोबर. तुझी बेरिंगं तयार ठेव, पण बसवू नकोस. यंत्र माझ्याजवळ आहे, मी एकेक मापणार. त्यानंतर तू सगळ्या पट्ट्यांवर रेघा ओढायच्या, आमच्या समोर. दामिनी मोजेल.

शिवम्माला सांग, ताट आधी वाढू नको. रेघा बघितल्यावर बसेन.

गुरुबसप्पा